सिलिंडरमध्ये प्रोपेन शिल्लक, तरी ज्योत का बसते?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. बर्नर पेटवला की पहिला अर्धा-पाऊण तास छान चालतो. मग ज्योत हळूहळू बसायला लागते. नॉब पूर्ण उघडला तरी फरक पडत नाही. सिलिंडरला हात लावला तर तो बर्फासारखा गार, खालच्या भागावर दव किंवा पांढरा हिमाचा थर. गॅस संपला असं समजून सिलिंडर बदलला जातो आणि काढलेला सिलिंडर उचलला तर चांगला जड लागतो. काही जण रेग्युलेटर बदलतात, काही नळी बदलतात, आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा.

यात बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. गॅस आहे, पण त्याला उकळायला लागणारी उष्णता कमी पडते आहे.

आधी वजन, मग बाकी सगळं

सिलिंडर काट्यावर ठेवा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या कॉलरवर किंवा पट्टीवर कोरलेलं असतं. काट्यावरच्या आकड्यातून ते वजा केलं की आत किती किलो आहे ते कळतं. समजा रिकामं वजन १५.९ किलो आहे आणि काटा २२.४ दाखवतो, तर आत ६.५ किलो प्रोपेन आहे. एका किलोतून साधारण ४६ मेगाज्यूल, म्हणजे जवळपास १२.९ किलोवॅट-तास उष्णता मिळते. त्या हिशेबाने १० किलोवॅटचा बर्नर अजून आठ तास चालायला हवा.

दाबमापकावर विसंबू नका. हा घोळ इतका सार्वत्रिक आहे की थोडं थांबून सांगायला हवं. सिलिंडरमध्ये प्रोपेन द्रवरूपात असतो आणि वरच्या रिकाम्या जागेत त्याची वाफ. त्या वाफेचा दाब फक्त तापमानावर ठरतो. द्रव किती उरला आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. २० अंश सेल्सिअसला मापक साधारण ७.४ बार दाखवेल (एक बार म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाइतका). सिलिंडर काठोकाठ असो वा तळाला दोन बोटं द्रव उरलेला असो. ० अंशाला तोच दाब ३.७ बार, उणे २० ला १.४ बार, आणि उणे ४२ ला शून्य, कारण तो प्रोपेनचा उत्कलनबिंदू आहे. थोडक्यात, सिलिंडरवरचा दाबमापक म्हणजे वेगळ्या आकड्यांचा थर्मामीटर. द्रवाचा शेवटचा थेंब उडून गेल्यावरच तो प्रमाणाबद्दल काही सांगू लागतो.

वजनकाटा नसेल तर सिलिंडरच्या बाजूवरून कोमट पाणी ओता आणि लगेच वरून खाली हात फिरवा. जिथे पत्रा एकदम गार लागतो तिथे द्रवाची पातळी. सिलिंडर आधीच गारठला असेल तर तेवढंही करायला नको. दवाची किंवा हिमाची वरची रेघ पातळी दाखवतेच.

उष्णता जाते कुठे

द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती द्रव स्वतःमधूनच घेतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने सिलिंडर गारठतो. प्रोपेनच्या बाबतीत एका किलोला साधारण ३५० किलोज्यूल लागतात. १० किलोवॅटचा बर्नर तासाला सुमारे ०.७८ किलो प्रोपेन जाळतो, म्हणजे सिलिंडरमधून सतत ७५-७६ वॅट उष्णता काढून घेतली जाते. ती भरून येते आजूबाजूच्या हवेतून, सिलिंडरच्या पत्र्यातून.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: पत्र्यातून आत येणाऱ्या प्रत्येक वॅटमागे बर्नरला साधारण १३० वॅटची ज्योत मिळते. बाकीचा सगळा हिशेब यातून निघतो.

स्थिर हवेत पत्र्याच्या एका चौरस मीटरमधून, तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे, ढोबळमानाने १० वॅट आत येतात. पण उपयोगाचा पत्रा फक्त तेवढाच, ज्याला आतून द्रव टेकलेला आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या, १४ किलो भरलेल्या सिलिंडरात असा ओला पत्रा सुमारे ०.४ चौरस मीटर असतो. आत ३ किलो उरले की तो जेमतेम ०.१५ राहतो.

आता हवा १० अंशाची धरा आणि बर्नर १० किलोवॅटचा. भरलेल्या सिलिंडरात ७६ वॅट आत यायला द्रव हवेपेक्षा साधारण २० अंश गार व्हावा लागतो, म्हणजे तो उणे १० च्या आसपास स्थिरावतो. तिथे अजून सव्वादोन-अडीच बार दाब असतो, बर्नर निवांत चालतो. तोच सिलिंडर ३ किलोवर आला की तेवढीच उष्णता ओढायला ५० अंशांचा फरक लागेल. द्रव उणे ४० कडे घसरतो आणि दाब जवळपास संपतो. म्हणून ही तक्रार भरलेल्या सिलिंडरवर क्वचित येते आणि खालच्या तिसऱ्या भागात हमखास. बर्नर २० किलोवॅटचा असेल तर भरलेला सिलिंडरही त्याच हवेत उणे ३० कडे निघतो.

ज्योत पूर्ण विझत का नाही, हेही यातून कळतं. दाब घटला की गॅस कमी निघतो, कमी निघाला की गारठणं मंदावतं, आणि जेवढी उष्णता आत येते तेवढ्यावर ज्योत बारीक होऊन रेंगाळत राहते. तासभर बंद ठेवून पुन्हा पेटवल्यावर ज्योत परत नीट आली आणि पुन्हा तशीच बसली, तर निदान पक्कं.

जास्त दाबाच्या टॉर्चवर आणि भट्टीच्या बर्नरवर हा त्रास लवकर दिसतो. रेग्युलेटर २ बारवर लावलेला असेल तर द्रव उणे १४ ला पोहोचला की आतल्या दाबात आणि लावलेल्या दाबात अंतरच उरत नाही. ३७ मिलिबारचा कमी दाबाचा रेग्युलेटर त्यापेक्षा बराच पुढे तग धरतो.

जे केलं जातं आणि करू नये

सिलिंडरखाली शेगडी ठेवणं, टॉर्च फिरवणं, निखारे ठेवणं: हे कधीही नाही. द्रव टेकलेल्या भागावरची आच द्रव शोषून घेतो. वरच्या कोरड्या भागावर आच लागली तर तिथला पत्रा पटकन तापून मऊ पडतो, आणि आत दाब वाढत असतानाच तो फाटतो. मग आतला सगळा द्रव एका क्षणात उकळून बाहेर येतो आणि पेट घेतो. सेफ्टी व्हॉल्व्ह यापासून वाचवेलच असं नाही, कारण तो दाब आवरतो, पत्र्याची ताकद परत आणत नाही.

उकळतं पाणी ओतणंही नको. ५० अंशाला दाब १६ बारच्या आसपास जातो आणि सिलिंडर याहून जास्त तापू देऊ नये. साधं, नळाच्या पाण्याइतकं पाणी ओतलं तर हिमाचा थर वितळतो आणि थोडा वेळ फरक जाणवतो. हा तात्पुरता उपाय आहे. व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरवर मात्र पाणी जाऊ देऊ नका.

सिलिंडरला घोंगडी किंवा गोणपाट गुंडाळणं हा उलटा उपाय. आत उष्णता निर्माण होतच नाही, ती बाहेरूनच यायची असते. गुंडाळलं की तीच वाट बंद. हिमाच्या थराचंही तसंच: दव गोठताना थोडी उष्णता देतं, पण थर जाड झाला की तो आडोसा बनतो. म्हणून तो काढलेला बरा, पण हाताने किंवा लाकडी पट्टीने, खरवडणीने नाही. सिलिंडर बंद पेटीत किंवा कोनाड्यात कोंबणंही याच कारणाने वाईट. शिवाय गळती झाली तर गॅस तिथेच साचतो.

आणि सिलिंडर आडवा करू नका. व्हॉल्व्हपाशी वाफेऐवजी द्रव आला की तो रेग्युलेटरमधून जातो आणि एका लिटर द्रवाचे सुमारे २७० लिटर गॅस होतात. बर्नरवर मोठा भडका उडतो. फोर्कलिफ्टचे सिलिंडर आडवे दिसतात, पण त्यांची आतली नळीच वेगळी असते: ते मुद्दाम द्रव काढतात आणि इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणाऱ्या व्हेपोरायझरमध्ये त्याची वाफ करतात.

कायमचा उपाय: ओला पत्रा वाढवा

मोठा सिलिंडर घ्या, किंवा दोन-तीन सिलिंडर मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्यांचा गॅस एकत्र आणणाऱ्या नळीवर, समांतर जोडा आणि सगळ्यांचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे ठेवा. दोन सिलिंडर म्हणजे प्रत्येकातून निम्मा गॅस, म्हणून गारठणंही निम्मं.

इथे एक फसगत ठरलेली. एक संपला की दुसऱ्यावर जाणारा ऑटो चेंजओव्हर रेग्युलेटर बसवून लोक समजतात की आता दोन सिलिंडर चालू आहेत. तो मुळात एकाच सिलिंडरमधून ओढतो आणि पहिल्याचा दाब पडल्यावर दुसऱ्याकडे वळतो. मग गारठलेला पहिला ‘रिकामा’ म्हणून काढला जातो, आत चार किलो गॅस असताना. गारठण्यावर उपाय हवा असेल तर साधा मॅनिफोल्ड लागतो.

समांतर जोडताना दोन गोष्टी सांभाळा. सगळे सिलिंडर एकाच सावलीत, एकाच पातळीवर ठेवा. एक उन्हात आणि एक सावलीत राहिला तर गरम सिलिंडरमधली वाफ गार सिलिंडरात जाऊन तिथे द्रव होते, आणि बर्नर बंद असतानाही हे रात्रभर चालू राहू शकतं. गार सिलिंडर मर्यादेपलीकडे भरतो. सिलिंडर ८०-८५ टक्केच भरण्याचं कारण हेच, की तापल्यावर द्रव फुगतो, आणि फुगायला जागा उरली नाही तर दाब भयंकर वेगाने चढतो. म्हणून प्रत्येक जोडनळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, हवाच. दुसरं म्हणजे सगळे सिलिंडर एकाच गॅसचे असावेत. एक प्रोपेनचा आणि एक प्रोपेन-ब्युटेन मिश्रणाचा अशी जोडी लावू नका.

सिलिंडर गरम करायचाच असेल तर त्याच कामासाठी बनवलेला, तापमान आवरणारा विजेचा पट्टा वापरावा. काँपोझिट (प्लास्टिक आणि धाग्यांचा) सिलिंडर हलका आणि सुबक असला तरी त्याची भिंत पोलादापेक्षा उष्णता कमी वाहते, त्यामुळे मोठ्या बर्नरला तो लवकर दमतो.

अर्धा सिलिंडर थंडीत मेला आणि दुपारी जिवंत झाला

हे लक्षण दिसलं तर आत शुद्ध प्रोपेन नसून प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण आहे. साध्या ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीत त्याला दाबच नाही. मिश्रणातला प्रोपेन आधी आणि जास्त उडतो. जसजसा सिलिंडर रिकामा होतो तसतसा तळाचा द्रव ब्युटेनप्रधान होत जातो. पहिला निम्मा सिलिंडर थंडीत उत्तम चालतो आणि उरलेला निम्मा हट्टाला पेटतो. यात दोष कोणाचाच नाही. उरलेला गॅस उबदार दिवशी वापरा, आणि कडाक्याच्या थंडीत शुद्ध प्रोपेनच भरून घ्या. रेग्युलेटर मात्र त्या गॅससाठीचाच हवा.

सिलिंडर गार नसेल तर

ज्योत पेटवल्यापासूनच बारीक असेल आणि सिलिंडर कोरडा, नेहमीच्या तापमानाचा असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. पहिला संशय प्रवाह-मर्यादकावर. अनेक जोडण्यांमध्ये नळी तुटली तर गॅस रोखणारं साधन असतं. बर्नरचा नॉब उघडा असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की गॅस जोराने धावतो, साधन ते गळती समजतं आणि जेमतेम धार सोडतं. उपाय: बर्नरचे सगळे नॉब बंद, सिलिंडर बंद, रेग्युलेटर सोडवा, एक-दोन मिनिटं थांबा, पुन्हा जोडा. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, काही सेकंद जाऊ द्या आणि त्यानंतरच बर्नर पेटवा. तरीही तेच होत असेल तर पुढे कुठेतरी खरी गळती असू शकते. तपासल्याशिवाय तो भाग काढून टाकू नका.

फक्त रेग्युलेटरवर हिम, सिलिंडर फारसा गार नाही, आणि ज्योत हळूहळू न बसता गचके खात अचानक बंद पडते: ही ओलाव्याची खूण. दाब उतरताना गॅस आणखी गार होतो आणि त्यातला पाण्याचा अंश रेग्युलेटरच्या बारीक छिद्रात गोठतो. सगळं बंद करून तो आपोआप वितळू द्या. ठोकू नका, आच देऊ नका. त्याच सिलिंडरवर वारंवार होत असेल तर तो भरणाऱ्याकडे परत द्या. पाणी सिलिंडरात आहे, रेग्युलेटर बदलून जाणार नाही. रेग्युलेटरच्या झाकणावरचं श्वासछिद्र खाली तोंड करून असावं. त्यात पावसाचं पाणी जाऊन गोठलं किंवा माती बसली तर आतला पडदा हलत नाही, आणि तेव्हा दाब कमी होण्याऐवजी वाढूही शकतो. उंच, उडणारी, फरफरणारी ज्योत दिसली तर सिलिंडर आधी बंद करा.

रेग्युलेटर उघडल्यावर पिवळसर तेलकट चिकटा दिसला, तर तो बहुधा रबरी नळीतून सुटलेला असतो, विशेषतः जुन्या किंवा स्वस्त नळीतून. रेग्युलेटर आणि नळी दोन्ही एकदम बदला. रेग्युलेटर सिलिंडरपेक्षा वर बसवला तर चिकटा सिलिंडरकडे परत उतरतो.

ज्योत पिवळी, टोकाला काळी, भांड्याला काजळी: इथे गॅस कमी नाही, हवा कमी आहे. एका भाग प्रोपेनला जळायला सुमारे २४ भाग हवा लागते. हवेचं छिद्र, मिक्सिंग ट्यूबमधलं (जिथे गॅस आणि हवा मिसळतात) कोळ्याचं जाळं आणि जेटचा, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीचा, आकार बघा. नैसर्गिक वायूसाठीचा जेट प्रोपेनवर तसाच राहिला असेल तर तो खूपच मोठा आहे, कारण तेवढ्याच घनफळात प्रोपेनमध्ये सुमारे अडीच पट उष्णता असते. जेट तारेने कोरू नका. छिद्र वाढलं तर जेट बाद. अशी ज्योत बंद खोलीत चालू ठेवणं धोक्याचं, कारण तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो.

जोडणी सोडवली की गळती तपासा

भांडी घासायचा द्रव आणि पाणी, साधारण एकास तीन, ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. सिलिंडर उघडा, बर्नर बंद. बुडबुडे वाढत गेले तर गळती. अमोनिया किंवा क्लोरीन असलेला क्लीनर वापरू नका, पितळेला तडे जातात. अनेक प्रोपेन जोडण्यांचे आटे उलटे असतात. डावीकडे फिरवून घट्ट होतात. न बसणारा नट जोर लावून बसवण्याआधी आटे बघा, वॉशर चिरलेला नाही ना तेही.

सिलिंडर संपत आला की वास जास्त येतो, यात तथ्य आहे. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. त्यात मिसळलेला इथाइल मर्कॅप्टन ३५ अंशाला उकळतो, त्यामुळे तो मागे रेंगाळतो आणि शेवटच्या द्रवात दाट होतो. पण ‘संपत आलाय म्हणून वास येतोय’ असं धरून चालू नका, फेस लावून बघाच. उलट बाजूही आहे: नव्या किंवा आतून गंजलेल्या पोलादी सिलिंडरात हा वास हळूहळू कमी होतो. नुसत्या नाकावर भरवसा नको.

प्रोपेनची वाफ हवेपेक्षा दीडपट जड. ती जमिनीलगत सरकते आणि खड्ड्यात, गटारात, तळघरात साचते. हवेत २.१ ते ९.५ टक्के असताना ती पेट घेते. म्हणून तळघरात सिलिंडर ठेवू नये, आणि गळती झाल्यावर वरची खिडकी उघडून भागत नाही. खालून हवा खेळली पाहिजे. विजेचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. निसटलेल्या द्रवाला हात लावू नका, कातडी जागीच गोठते.

व्हॉल्व्हपाशीच ज्योत लागली असेल आणि हात सुरक्षितपणे पोहोचत असेल तर व्हॉल्व्ह बंद करा. पोहोचत नसेल तर ती ज्योत विझवायच्या फंदात पडू नका: गॅस तसाच सुटत राहील, साचेल आणि दुसरीकडे कुठेतरी एकदम पेटेल. माणसं लांब न्या आणि अग्निशमन दलाला सांगताना सिलिंडर किती, किती किलोचे आणि ज्योत कुठल्या भागावर लागते आहे, एवढं आधी सांगा.